हवेची गर्दी

मे महिन्यातली भर दुपार. गोरेगावचा आठवडी बाजार भरलाय, नवतपा लागलाय आणि पारा ४५च्या आसपास टेकलाय. कांद्याच्या ढिगापासून सुक्या मासोळीच्या पाट्यांपर्यंत वीसच पावलं आहेत, पण ती कापायला पाच मिनिटं जातात. मागून कुणाची तरी पिशवी तुमच्या पोटरीवर आपटते. पुढे एक काकू चारोळीचं माप डोळ्यांत तेल घालून बघताहेत, त्या जागच्या हलायला तयार नाहीत. वाळल्या मोहफुलांचा गोड-आंबूस वास, घाम, डिझेल, कोमेजलेली कोथिंबीर. "कसे देऊन राहिला भाऊ?" "तीसला पाव. घेऊन टाका काकू, आता का भाव करता!"

आता माझं ऐका. दवाखान्यातलं एखादं ऑक्सिजनचं सिलिंडर मिळालं तर पाठीला बांधा, नळी नाकाला लावा आणि जागचं न हलता मागे चला. गाव तेच, जागा तीच. फक्त काळ सोडायचा. साधारण २५० कोटी वर्षं.

बाजार गेला. पहिल्यांदा जाणवते ती शांतता. चिमण्या नाहीत, कावळा नाही, माशीसुद्धा नाही. झाड असं काही अजून झालेलंच नाही, त्यामुळे पानांची सळसळही नाही. वारा उघड्या खडकावरून जातो तेव्हा त्याचा आवाज कोरडा येतो. मग तळपायातून काहीतरी वर चढतं. कान सांगण्याआधी पायांना कळतं. पूर्वेकडे, आज जिथे दरेकसाचे डोंगर आहेत आणि ज्यांच्यामधून हावड्याची गाडी जाते, तिथली जमीन फुटते आहे.

भूवैज्ञानिक तिथल्या खडकाला 'बिजली रायोलाइट' म्हणतात. रायोलाइटचा लाव्हा आपल्या सह्याद्रीच्या लाव्ह्यासारखा पसरट, वाहता नसतो. त्यात सिलिका भरपूर, म्हणून तो चिकट. ज्या तोंडातून यायचं तेच बुजवून बसतो, आत वायू साठत जातात आणि मग एका क्षणी सगळं फुटतं. आकाश राखेनं भरतं. चेहऱ्यावर बारीक, टोचरी काच बसते. होय, ती राख म्हणजे काचच. धग लागते. नाकाची नळी क्षणभर बाजूला करून बघा. सडक्या अंड्याचा वास! पण दोन-चार श्वासांच्या वर नको, कारण या हवेत ऑक्सिजन जवळपास नाहीच. पाचव्या श्वासाला तुम्ही आडवे व्हाल आणि उचलायला इथे कुणी नाही.

खिशात आगपेटी असेलच. काढा एक काडी आणि ओढा. गूल फर्रकन पेटतं, कारण गुलातच त्याचा स्वतःचा ऑक्सिजन भरलेला असतो. पण ज्योत लाकडाला धरत नाही. काडी विझते. दुसरी ओढा, तीही विझेल. भंडारा-गोंदियाकडची बिडी एवढी नावाजलेली, पण इथे ती पेटायची नाही. समोर डोंगर लाल होऊन फुटतोय, दगड वितळतोय, आणि तरी कुठेही आग नाही. पृथ्वीवर आग लागायला अजून फार वेळ आहे. लोखंडी खिळा टाकून बघा, तोही नीट गंजणार नाही.

पाऊस मात्र पडतो. टपोरे थेंब राखेवर आपटतात, वाफ उठते. आणि तुम्ही नकळत नाक वर करता, पहिल्या पावसाच्या त्या वासासाठी. तो येत नाही. तो वास मातीतले सूक्ष्म जीव तयार करतात, आणि इथे अजून माती म्हणावी अशी मातीच नाही; नागडा खडक आहे, राख आहे, त्यावरून पाणी धावतंय. पऱ्हे टाकायचे कशात? बांधी कुठे घालायची? पायाखाली जो जुना, पट्ट्यापट्ट्यांचा खडक आहे, तो आमगावच्या नावानं ओळखला जातो, आमगाव पट्टिताश्म. हा ज्वालामुखी फुटण्याच्या आधीपासून तो इथे आहे. धानाचा जिल्हा त्याच्यावर फार उशिरा राहायला आला.

वर बघा. राख विरळ झाली की सूर्य दिसतो, थोडा मंदच. त्याची शक्ती आजच्या चार-पंचमांशाच्या आसपास. चंद्र आजच्यापेक्षा जवळ, म्हणून मोठा. दिवस लवकर मावळतो. पृथ्वी अजून भरभर फिरते आहे. परग्रह म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे श्रीहरिकोटा येतं, धूर, उलटी मोजणी. मला विचाराल तर सगळ्यात जवळचा परका ग्रह गोरेगावच्या मुरमाखालीच पडलेला आहे.

आता शेजाऱ्यांकडे. आपल्या मंगळयानाला मंगळाला पोचायला दहा महिने लागले होते. तुम्ही एका पावलात या, पण आणखी मागे, ३५० कोटी वर्षांच्याही पलीकडे. गेल नावाचं विवर आहे, १५४ किलोमीटर रुंद. त्याच्या काठावरून एक ओढा उतरतो. पँट वर करा आणि उतरा. पाणी घोट्याला लागतं, कुठे कमरेपर्यंत जातं, आणि चालत्या माणसाच्या वेगानं पुढे सरकतं. गार आहे, बधिर करणारं. पायाला गोटे लागतात, गुळगुळीत, गोल. पाण्यानं लोळवून लोळवून केलेले. एक पाय जोरात आपटा. पाणी उडतं आणि खाली यायला वेळ लावतं. इथलं गुरुत्व आपल्या ३८ टक्के. धानाचं ४० किलोचं पोतं इथे १५ किलोचं वाटेल. दोन पोती दोन खांद्यांवर घेऊन धावायचा मोह होईल; धावा, बघायला कोणी नाही. फक्त वळताना सांभाळा, वजन कमी झालं तरी पोत्याचा रेटा तेवढाच राहतो.

त्याच ओढ्यात उभे राहा आणि काळ पुढे सोडा. पाणी आधी घोट्याखाली जातं, मग डबकी, मग चिखल, मग भेगा. मंगळाच्या पोटातलं चुंबकत्व विझलंय आणि सूर्याकडून येणारा कणांचा वारा त्याची वरची हवा ओरबाडून नेतोय. हवा विरळ झाली तसा आवाजही गेला. तुम्ही ओरडता, पण हाळी पुढे जात नाही. त्यातले चिरके, टोकदार सूर काही मीटरवरच गळून पडतात. गोरेगावच्या बाजारातला भाजीवाला इथे उपाशी मरेल, गिऱ्हाइकाला त्याचा भाव ऐकूच जाणार नाही. हवेचा दाब आपल्या दीडशेव्या भागाएवढा. आहे ती बहुतेक सगळी कार्बन डायऑक्साइड, पण मूठभर. तांबडी, पिठूळ धूळ बोटांच्या रेषांत बसते. दिवस मात्र ओळखीचा, २४ तास आणि वर जवळपास ४० मिनिटं. सूर्य मावळतो तेव्हा त्याच्या भोवती निळं वलय दिसतं. आणि ते गोल गोटे? ते तसेच दगडात अडकून राहिले. क्युरिऑसिटी गाडीनं २०१२ साली त्यांचे फोटो काढले, म्हणून तर आपल्याला हा ओढा माहीत.

बुधाकडे नुसती मान वळवा. हवा म्हणावी अशी हवा नाही. उन्हात ४३० अंश, रात्री उणे १८०. तिथे थांबण्यासारखं काही नाही, पुढे चला.

१ मार्च १९८२. तारीख सांगतोय, कारण या दिवशी तुम्हाला सोबत आहे. गोरेगाव अजून भंडारा जिल्ह्यात आहे, होळी आठवड्यावर आलीय, पळस पेटलेत. आणि शुक्रावर रशियनांचं व्हेनेरा-१३ उतरतंय. त्याच्या शेजारी उभे राहा. आजच्यापुरतं तुमचं अंग इथे टिकतं असं धरू, नाहीतर हा परिच्छेद इथेच संपेल.

प्रकाश नारिंगी आहे, मळकट. ढग असे गच्च की सावली पडत नाही. निळा रंग कुठेच उरलेला नाही; निळा शर्ट घालून आला असाल तर तो काळपट दिसेल. पायाखाली चपट्या फरश्या, त्यांच्या फटींत गडद रेती. यानाचं झाकण सुटून पडतं, ठक्! यानावर मायक्रोफोन आहे, तो हे ऐकतोय. मग ड्रिल दगडाला भिडतं. वारा रेंगाळत येतो, चालत्या माणसापेक्षाही हळू. पण तो लागतो तेव्हा कळतं की इथली हवा म्हणजे वेगळंच प्रकरण आहे. आपल्या बाजारात एका घनमीटरमध्ये सव्वा किलोसुद्धा हवा नसते. इथे ६५ किलो आहे. एक पाऊल टाकायचं म्हणजे रोवणीच्या वेळी गुडघाभर पाण्यातून बांधी ओलांडणं. खरी गर्दी ही आहे. माणूस एकही नाही, आणि चहूबाजूंनी रेटा. यानाचा दाबमापक ८९ दाखवतोय, म्हणजे आपल्या ८९ पट.

आणि तापमान ४५७. आपल्या ढीवर भावांच्या जाळ्याला शिशाचे मणी असतात ना, ते इथे थेंब थेंब होऊन गळतील. गोठ्यावरच्या पत्र्याचा जस्ताचा मुलामा वितळून ओघळेल. पण विदर्भाच्या माणसाला खरा धक्का याच्यानंतर बसतो. आपली उन्हाळ्याची सगळी विद्या एका गोष्टीवर उभी आहे: सावलीला जायचं. कडुनिंबाखाली, ओसरीत, माठाशेजारी. इथे सावलीला अर्थ नाही. ऊन तापवतच नाहीये, हवा तापवतेय. ध्रुवावर जा, रात्रीच्या बाजूला जा, फरक पडत नाही. रात्रीची वाट बघायची म्हटलं तरी इथल्या एका सूर्योदयापासून दुसऱ्यापर्यंत आपले ११७ दिवस जातात. सूर्य उगवतोही पश्चिमेला.

बुध सूर्याच्या अधिक जवळ असून शुक्र त्याच्यापेक्षा तापट का? त्याचं उत्तर आपल्या पानटपरीवर मिळेल. खर्रा वाईट, हे मान्य. पण घोटणाऱ्याकडे बघा: सुपारी, तंबाखू, आणि बोटाच्या टोकावर चुना, मग पन्नीत घालून दणादण घोटणं. तो चुना चुनखडी भाजून केलेला. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की त्यातून ४४ किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो. पृथ्वीनं आपला बहुतेक कार्बन डायऑक्साइड असाच दगडात कोंडून ठेवलाय. पाऊस हवेतून थोडा घेतो, आमगाव-दरेकसासारखे खडक झिजवतो, ते पाणी वैनगंगेला, पुढे गोदावरीतून समुद्राला मिळतं, आणि तिथे शिंपल्यांची, मग चुनखडीची घडण होते. कोट्यवधी वर्षं हे चाललंय. पृथ्वीवरचा असा सगळा दगड एकदम भाजला तर आपल्याकडेही शुक्राच्या तोडीची हवा जमेल. शुक्राजवळ पाणी उरलं नाही, त्यामुळे कोंडायचं काम कुणी केलंच नाही. तो वायू अजून मोकळाच आहे, हवेचे ९६ टक्के, आणि सूर्याची आलेली ऊब तो बाहेर जाऊ देत नाही.

व्हेनेरा-१३ कडून बत्तीस मिनिटांची अपेक्षा होती. ते १२७ मिनिटं बोलत राहिलं, मग गप्प झालं. आता तुम्हीही निघा, पण खाली नको, वर. आणि तीनेक वर्षं पुढे.

जून १९८५, जमिनीपासून साधारण ५४ किलोमीटर उंची. इथे एकदम बरं वाटेल. पारा तीस-पस्तीसच्या घरात, मे महिन्यात कूलरसमोर बसूनही गोरेगावात जे मिळत नाही ते. दाब घरच्या निम्म्याहून थोडा जास्त. पिवळसर ढगांत तुम्ही बुडालेले आहात आणि आजूबाजूला बारीक तुषार आहेत. जीभ बाहेर काढू नका, ते सल्फ्युरिक ॲसिड आहे. खाली त्याचा पाऊस पडतो, पण जमिनीला कधी लागत नाही. वाटेतच त्याची वाफ होते. वारा ताशी दोनशे किलोमीटरच्या वर, तरी तुम्हाला तो जाणवत नाही, कारण तुम्ही त्याच्याबरोबरच वाहताय. अधूनमधून मात्र हवेच्या खड्ड्यात पोटात गोळा येईल एवढं खाली जायला होतं.

तो बघा, समोरून एक पांढरा फुगा येतोय, साडेतीन मीटरचा. व्हेगा मोहिमेचा. असे दोन सोडलेत, आणि दोन्ही जवळपास दोन दिवस वाऱ्यावर राहून अकरा हजार किलोमीटरच्या आसपास जाणार आहेत. हात पुरला तर दोरी पकडा. फुग्याला टेफ्लॉनचा लेप आहे, तुमच्या शर्टाला नाही, तेव्हा बाह्या खाली ओढून घ्या. आणि तो जेमतेम सात किलोचं सामान उचलायला बनवलाय, म्हणून फार वेळ लोंबकळू नका.