प्रलयाच्या तीन कथा

इसवी सन १८७२ च्या ३ डिसेंबर रोजीं लंडनमधील बायबलविषयक पुरातत्त्व मंडळाच्या सभेंत जॉर्ज स्मिथ नांवाच्या बत्तीस वर्षांच्या गृहस्थानें एक निबंध वाचला. तो ऐकावयास पंतप्रधान ग्लॅडस्टन स्वतः आले होते. स्मिथ कोणत्याही विद्यापीठाचा पदवीधर नव्हता. चौदाव्या वर्षीं शाळा सुटल्यावर तो नोटांचे ठसे कोरण्याच्या कामावर उमेदवारीस लागला, आणि फावल्या वेळांत ब्रिटिश म्युझियममध्यें जाऊन कीलाकृति लिपि शिकला. निनवे येथील असुर-बानिपाल राजाच्या ग्रंथसंग्रहांतील एका मृत्तिकाफलकावर त्याला महापुराची कथा सांपडली होती.

ती कथा अशी. देवांनीं जलप्रलय योजिला. परंतु ईया देवानें उत्नपिश्तीम यास सावध केलें. त्यानें नौका बांधली, ती पर्वतास लागली, आणि पाणी ओसरलें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं त्यानें पारवा, पाकोळी व कावळा असे तीन पक्षी सोडले. बायबलांतील नोहाही कावळा आणि पारवा सोडतो. इतकें साम्य केवळ योगायोगानें येत नाहीं. आपल्याकडील शतपथ ब्राह्मणांतही मनूच्या ओंजळींत एक लहानसा मासा येतो, मनु त्याला वाढवितो, आणि पुढें तोच मासा मनूची नौका ओढून उत्तरेकडील पर्वताशीं नेतो. तेथें पक्षी मात्र नाहींत.

साम्य पाहून वाचक येथेंच थांबला, तर अर्धा लाभ पदरांत पडला. उरलेला अर्धा भेदांत आहे. बायबलांत प्रलयाचें कारण मनुष्यांचें पाप. बाबिलोनच्या अत्राहसीस काव्यांत मनुष्यांच्या गोंगाटानें देवांची झोप मोडते, एवढेंच कारण. शतपथांत कारण दिलेलेंच नाहीं. तेथें सर्व भर एका क्षुद्र जीवास दिलेल्या आश्रयावर आहे. पूर ओसरल्यावर तिघेही पुरुष यजन करतात. बाबिलोनचे भुकेले देव त्या वासानें भोंवतीं जमतात. नोहास पुन्हां असा पूर न आणण्याचें वचन मिळतें. मनूस यज्ञांतून इडा नांवाची कन्या मिळते व तिच्याद्वारें प्रजा वाढते. देव आणि मनुष्य यांचें नातें कोणत्या समाजानें कसें मानिलें, तें येथें उघड दिसतें.

हा विवेक सुटला म्हणजे काय होतें, याचा दाखला जर्मनींत मिळतो. १९०२ च्या जानेवारींत फ्रीडरिश डेलिट्श या पंडितानें बर्लिन येथें कैसरसमोर व्याख्यान देऊन बायबलावरील बाबिलोनचें ऋण दाखविलें. मोठा वाद माजला. विद्वत्ता खरी होती. परंतु पुढें तिला यहुदी लोकांविषयींच्या द्वेषाची जोड मिळाली, आणि पहिल्या महायुद्धानंतर त्यानें जुना करार ख्रिस्ती धर्मास त्याज्य ठरविणारा ग्रंथ लिहिला. तुलनेचें साधन असें दुसऱ्यास हीन ठरविण्याच्या कामीं आलें.

आपल्याकडेही "आमची कथा सर्वांत जुनी, बाकीच्या तिच्या नकला," असें म्हणण्याचा मोह कमी नाहीं. लिखित पुराव्यापुरतें पाहिलें तर प्रलयकथेंत जुनेपणाचा मान मेसोपोटेमियाचा आहे, आणि तें मान्य केल्यानें मनूच्या माशाचें महत्त्व यत्किंचितही कमी होत नाहीं. या तीन कथा एका संध्याकाळीं घरांत शेजारीं शेजारीं ठेवून वाचतां येतात. तशा वाचल्या, तर परक्याची कथा परकी वाटत नाहीं, आणि स्वतःची कथा प्रथमच नीट वाचली जाते.