निळू फुले : बागेतून रंगमंचाकडे

मराठी रंगभूमी आणि चित्रपटसृष्टीतील ज्येष्ठ अभिनेते निळू फुले यांचे १३ जुलै २००९ रोजी पुण्यात निधन झाले. पाटील, सरपंच, साखरसम्राट अशा सत्ताधाऱ्यांच्या भूमिकांमुळे ते घराघरांत ओळखले गेले. या अभिनेत्याने कमावते आयुष्य सुरू केले ते मात्र माळी म्हणून.

नीलकंठ कृष्णाजी फुले यांचा जन्म १९३० साली पुण्यात एका सामान्य कुटुंबात झाला. लोखंडाचे मोडसामान आणि भाजी विकून वडील घर चालवीत. वयाच्या सतराव्या वर्षाच्या सुमारास निळूभाऊ पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत कामाला लागले. महिन्याचा पगार ८० रुपये होता. त्यातील १० रुपये ते दरमहा राष्ट्र सेवा दलाला देत असत. स्वतःची रोपवाटिका काढावी अशी त्यांची इच्छा होती. परंतु भांडवलाअभावी ती पूर्ण झाली नाही.

सेवा दलाचे कलापथक

अभिनयाचे पहिले धडे त्यांना मिळाले ते सेवा दलाच्या कलापथकात. समाजवादी विचार गावोगावी नेण्यासाठी ही पथके लोकनाट्याचा आधार घेत. गण, गवळण, बतावणी आणि वग हा तमाशाचा साचा कायम ठेवून त्यात चालू राजकारणावर भाष्य केले जाई. समोरचा प्रेक्षक पाहून संवाद बदलणे, हजरजबाबीपणा, नेमका विराम घेणे या गोष्टी निळूभाऊ येथेच शिकले. १९५७ च्या निवडणुकीच्या प्रचारासाठी त्यांनी ‘येरा गबाळ्याचे काम नोहे’ हा वग लिहिला. पु. ल. देशपांडे यांच्या ‘पुढारी पाहिजे’ मधील रोंगे या भूमिकेने त्यांच्याकडे लक्ष वेधले गेले. त्यानंतर शंकर पाटील यांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगनाट्याने त्यांना खऱ्या अर्थाने लोकप्रियता मिळवून दिली.

पडद्यावरील खलनायक

१९६८ साली अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’ या चित्रपटातून त्यांनी पडद्यावर पदार्पण केले. त्यातील झेलेअण्णा ही व्यक्तिरेखा गाजली. पुढील काळात ग्रामीण मराठी चित्रपटात खलनायक म्हटले की निळू फुले, असे समीकरणच झाले. मोठ्याने ओरडणे किंवा डोळे वटारणे त्यांना लागत नसे. खर्जातला घोगरा आवाज, तिरकी नजर आणि संथ चाल एवढ्यावर ते दरारा उभा करीत.

जब्बार पटेल दिग्दर्शित ‘सामना’ मध्ये या शैलीला मोठा अवकाश लाभला. विजय तेंडुलकर यांच्या पटकथेतील साखरसम्राट हिंदुराव धोंडे-पाटील त्यांनी साकारला. समोर मास्तरांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू होते. १९७५ च्या बर्लिन चित्रपट महोत्सवात हा चित्रपट दाखविण्यात आला. त्याच दिग्दर्शकाच्या ‘सिंहासन’ (१९७९) मध्ये मात्र ते सत्तेचा खेळ जवळून पाहणारे पत्रकार दिगू टिपणीस झाले. एकाच विषयाच्या दोन्ही बाजू त्यांनी सारख्याच ताकदीने उभ्या केल्या. हिंदीमध्ये महेश भट्ट यांच्या ‘सारांश’ (१९८४) मधील राजकारणी गजानन चित्रे ही त्यांची भूमिका देशभर पोहोचली.

सखाराम आणि वाद

रंगभूमीवर त्यांची कसोटी पाहिली ती तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ (१९७२) या नाटकाने. नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना आपल्या अटींवर आसरा देणारा, शिवराळ आणि तितकाच एकाकी सखाराम त्यांनी रंगविला. परिनिरीक्षण मंडळाने नाटकाला हरकत घेतली, तेव्हा दिग्दर्शक कमलाकर सारंग यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि निकाल नाटकाच्या बाजूने लागला. जयवंत दळवी यांच्या ‘सूर्यास्त’ मध्ये त्यांनी साकारलेले गांधीवादी अप्पाजी ही सखारामच्या अगदी दुसऱ्या टोकाची भूमिका होती.

पडद्यामागचा कार्यकर्ता

प्रसिद्धी मिळाल्यावरही सेवा दलाचे संस्कार सुटले नाहीत. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत ते सक्रिय राहिले. पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना मानधन मिळावे यासाठी सामाजिक कृतज्ञता निधी उभारण्यात आला, तेव्हा डॉ. लागू व इतर कलावंतांसह त्यांनी ‘लग्नाची बेडी’ या नाटकाचे निधिसंकलनासाठी प्रयोग केले. १९९१ साली अभिनयासाठी त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

पडद्यावरील त्यांची प्रतिमा इतकी प्रभावी होती की ग्रामीण भागातील अनेक प्रेक्षक त्यांचा खरोखर तिरस्कार करीत. ज्या सरंजामी वृत्तीविरुद्ध ते आयुष्यभर उभे राहिले, तिचाच चेहरा म्हणून लोकांनी त्यांना लक्षात ठेवले. ८० रुपयांतून १० रुपये चळवळीला देणारा तो तरुण माळी मात्र या प्रतिमेमागे शेवटपर्यंत कायम होता.