उतारावर ट्रक न्यूट्रलला टाकला तर काय होतं? ट्रकवाल्यांचं ‘डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंग’ नेमकं काय असतं?

20 नोव्हेंबर 2022, रविवारची रात्र. पुण्यात कात्रजचा नवा बोगदा संपल्यावर नवले पुलाच्या दिशेने जो लांबलचक उतार लागतो, तिथे एका ट्रकने पुढच्या गाड्या एकामागोमाग एक ठोकल्या. आधी सगळीकडे एकच शब्द फिरला, ‘ब्रेक फेल’. नंतर पोलिसांच्या तपासातून वेगळीच गोष्ट पुढे आली. डिझेल वाचवण्यासाठी ड्रायव्हरने उतारावर इंजिन बंद केलं होतं.

‘ब्रेक फेल’ हा तसा सगळ्यांच्या सोयीचा शब्द आहे. त्यात चूक लोखंडाची ठरते, माणसाची नाही. पण बऱ्याचदा ब्रेक आपोआप फेल होत नाहीत, ते उतारभर तापवून तापवून निकामी केले जातात.

हे कसं होतं ते एका हिशोबाने कळेल. दोन अॅक्सलच्या, म्हणजे सहा टायरच्या ट्रकला मालासकट 18.5 टन वजनाची परवानगी आहे. 2018 च्या आधी ती 16.2 टन होती. असा भरलेला ट्रक 100 मीटर उंचीवरून खाली येतो आणि वेग वाढू द्यायचा नसतो, तेव्हा जवळपास 18 मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. एवढ्या उष्णतेत 55 ते 60 लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. ट्रक गिअरमध्ये असेल तर त्यातला मोठा वाटा इंजिन स्वतःवर घेतं. न्यूट्रलला टाकला की जवळपास सगळा भार ब्रेकच्या ड्रमवर आणि लायनरवर येतो. ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड कमी होते, आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. इंजिनच बंद असेल तर संकट दुहेरी. एअर ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर थांबतो, त्यामुळे प्रत्येक वेळी ब्रेक दाबला की टाकीतली हवा कमी होते आणि ती परत भरत नाही. पॉवर स्टिअरिंगही जड होतं.

गंमत म्हणजे यात डिझेलही वाचत नाही. आजच्या इंजिनमध्ये गाडी गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधनाचा पुरवठा जवळजवळ बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरतं डिझेल जळतच राहतं. जुन्या गाड्यांच्या काळातली समजूत ड्रायव्हरच्या एका पिढीकडून दुसरीकडे आली आणि टिकून राहिली. त्यात अनेक ठिकाणी फेरीमागे डिझेल ठरवून दिलेलं असतं, वाचेल ते ड्रायव्हरचं. असा हिशोब असेल तर उतारावर हात गिअरकडे जाणारच. दोष एकट्या ड्रायव्हरवर टाकून भागत नाही.

डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंग म्हणजे हळू चालवणं, असं अनेकांना वाटतं. खरं तर ही सवय आहे डोक्याने पुढे राहण्याची. दुसरा चुकणारच आहे असं धरून चालायचं आणि त्या चुकीला जागा आधीच सोडून ठेवायची. अमेरिकेत हॅरॉल्ड स्मिथ यांनी 1952 मध्ये यासाठी पाच सूत्रं असलेली पद्धत सुरू केली. नजर लांब ठेवा, आजूबाजूचं पूर्ण चित्र डोक्यात ठेवा, डोळे सतत फिरते ठेवा, सुटायला वाट ठेवा आणि समोरच्याला आपण दिसतोय याची खात्री करा. जगभरातल्या ट्रक कंपन्यांच्या प्रशिक्षणात हीच सूत्रं थोड्याफार फरकाने आढळतात.

घाटात याचा अर्थ साधा आहे. निर्णय उतार सुरू होण्याआधी घ्यायचा. ज्या गिअरमध्ये तो घाट चढता आला असता, त्याच किंवा त्याहून खालच्या गिअरमध्ये उतरायचं. उतारावर वेग वाढल्यावर खालचा गिअर पडेलच असं नाही, आणि पडला नाही तर गाडी न्यूट्रलमध्येच राहते. एक्झॉस्ट ब्रेक असेल तर तो आधीच लावायचा. ब्रेकवर सतत हलका पाय ठेवून रेंगाळायचं नाही. नीट दाबायचा, वेग कमी करायचा, सोडायचा, ड्रमला गार व्हायला वेळ द्यायचा. हवेच्या प्रेशरच्या काट्यावर नजर हवीच.

सपाट रस्त्यावर मुख्य गोष्ट आहे अंतर. हायवेवर मालट्रकला ताशी 80 किलोमीटरची मर्यादा आहे. या वेगाने ट्रक एका सेकंदात 22 मीटर जातो. पुढे काहीतरी झालं हे ध्यानात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर 33 मीटर नुसतेच निघून जातात. ब्रेक लागायला सुरुवात त्यानंतर. शिवाय एअर ब्रेकमध्ये हवा चाकापर्यंत पोचायला थोडा वेळ लागतो तो वेगळाच. पण ड्रायव्हरने पुढे चांगली मोकळी जागा सोडली की आपल्याकडे काय होतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कोणीतरी कार तिथे घुसवतो. मग ट्रकवाल्याला पुन्हा मागे सरावं लागतं. हे दिवसभरात शंभर वेळा करायचं, तेही न चिडता.

दुचाकीवाल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ट्रकच्या डाव्या बाजूची. ड्रायव्हर उजवीकडे उंचावर बसलेला असतो, त्यामुळे केबिनच्या डाव्या दाराला लागून असलेली दुचाकी त्याला बऱ्याचदा दिसतच नाही. केबिनच्या अगदी नाकासमोरून जाणारा माणूसही दिसत नाही, आणि थेट मागचं तर काहीच नाही. लांब ट्रेलर डावीकडे वळताना आधी थोडा उजवीकडे जातो. मागच्या दुचाकीवाल्याला वाटतं, वाट मिळाली. तो डावीकडून आत शिरतो आणि ट्रेलरची मागची चाकं नेमकी त्याच जागेवरून आत कापत येतात. ट्रकचे आरसे आपल्याला दिसत नसतील तर ड्रायव्हरला आपण दिसत नाही, एवढं पक्कं. क्लीनर सोबत असेल तर तो डाव्या बाजूचा डोळा असतो, पण पगार वाचवायला हल्ली कित्येक गाड्या क्लीनरशिवाय निघतात.

आणि शेवटी झोप. पेंगणाऱ्या माणसाचं लक्ष कितीही शिकवलं तरी रस्त्यावर राहत नाही. पहाटे दोन ते पाच ही वेळ सगळ्यात वाईट. मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स अॅक्ट 1961 सालचा. दिवसाला 8 तास, आठवड्याला 48 तास आणि सलग 5 तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, असं 2025 मध्ये रद्द झालेल्या त्या कायद्यात लिहिलेलं होतं. माल वेळेत पोचवायचा दबाव असलेल्या ड्रायव्हरला हे तास क्वचितच मिळतात. केबिनमधला उकाडा कमी करण्याचा नियम त्या मानाने अगदी अलीकडचा. 2025 पासून नव्याने तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. त्याआधीच्या लाखो गाड्या मे महिन्याच्या दुपारी अजूनही खिडक्या उघड्या ठेवूनच धावतात.