अँतिनोरी (वाइन उत्पादक घराणे)

अँतिनोरी हे इटलीच्या तोस्काना प्रांतातील फ्लॉरेन्स शहराचे प्राचीन वाइन उत्पादक घराणे आहे. इ.स. १३८५ मध्ये जोव्हानी दी पिएरो अँतिनोरी हे फ्लॉरेन्समधील वाइन व्यापाऱ्यांच्या संघाचे सदस्य झाले. तेव्हापासून २६ पिढ्या हा व्यवसाय याच कुटुंबाकडे आहे.

लाल वाइन

कियांती क्लासिको या नावाने विकल्या जाणाऱ्या लाल वाइनमध्ये पांढरी द्राक्षेही मिसळावीत, असा पूर्वी नियम होता. त्यामुळे वाइनचा कस उतरतो, असे पिएरो अँतिनोरी यांचे मत होते. त्यांनी वाइनतज्ज्ञ जाकोमो ताकिस यांच्या साहाय्याने १९७१ च्या हंगामापासून 'तिन्यानेल्लो' ही वाइन वेगळ्या नावाने काढली. सांजोवेझे या स्थानिक वाणाची ही वाइन ओक लाकडाच्या लहान पिंपांत मुरवली जाई. पुढे तीत काबर्ने सोव्हिन्यों या फ्रेंच वाणाची भर पडली आणि १९७५ पासून पांढरी द्राक्षे पूर्णपणे वगळण्यात आली. परिणामी प्रतिष्ठित कियांती क्लासिको नाव सोडून ती 'साधी जेवणाची वाइन' या कनिष्ठ वर्गात विकावी लागली. तरीही तिला जगभर मान्यता मिळाली. १९७८ मध्ये लगतच्या बागेतील, मुख्यतः काबर्ने सोव्हिन्योंची 'सोलाया' आली. अशा वाइनींना 'सुपर टस्कन' म्हणतात. कालांतराने नियमच पालटले. २००६ च्या हंगामापासून कियांती क्लासिकोमध्ये पांढरी द्राक्षे निषिद्ध आहेत.

सद्यःस्थिती

पिएरो यांच्या कन्या आल्बिएरा, आल्लेग्रा व आलेस्सिया या व्यवसायात असून आल्बिएरा अध्यक्षपदी आहेत. बार्जिनो येथील टेकडीच्या पोटात बांधलेले वाइनगृह २०१२ मध्ये खुले झाले.