चर्चची किल्ली कोणाच्या हातात?

चर्च म्हटले की आपल्यासमोर क्रूस लावलेली इमारत उभी राहते. पण नव्या करारात त्यासाठी जो 'एक्लेसिया' हा ग्रीक शब्द आहे, तो ग्रीक नगरांत नागरिकांच्या सभेसाठी वापरला जाई. पौलाने पत्रे लिहिली ती करिंथ, थेस्सलनीका अशा गावोगावच्या लोकांना, आणि हे लोक कुणाच्या तरी घरात जमत. मराठी ख्रिस्ती माणसे आजही 'मंडळी' म्हणतात, तो शब्द मला जास्त नेमका वाटतो. मात्र सभा म्हटली की प्रश्न आलेच. बसायचे कुठे, बोलायचे कोणी, जागा कोणाच्या नावावर? स्थानिक चर्च कशासाठी असते याचे उत्तर मी या प्रश्नांत शोधतो, आणि ते मला अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात सापडते.

रिचर्ड अ‍ॅलन १७६० साली गुलामगिरीत जन्मले. स्वतःची किंमत मोजून ते मुक्त झाले आणि १७८६ पासून तिथल्या सेंट जॉर्ज मेथडिस्ट चर्चमध्ये उपदेश करू लागले. त्यांच्यामुळे कृष्णवर्णीय लोक येऊ लागले, आणि गर्दी वाढली तसे त्यांना आधी भिंतीकडेला, मग वरच्या गॅलरीत बसवण्यात आले. एका रविवारी प्रार्थना चालू असताना अब्सलोम जोन्स गुडघे टेकून बसले होते. गोऱ्या विश्वस्ताने त्यांना धरून उठवायला सुरुवात केली. प्रार्थना संपू द्या, एवढेच जोन्स यांचे म्हणणे होते. तेही ऐकले गेले नाही. प्रार्थना संपताच सगळे एकजुटीने बाहेर पडले. (अ‍ॅलन ही घटना १७८७ ची सांगतात, काही अभ्यासक १७९२ ची मानतात.) त्याच चर्चच्या दुरुस्तीसाठी या लोकांनी पैसे दिले होते. देव एक, वर्गणी चालते, पण शेजारी बसणे चालत नाही. आपल्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

अ‍ॅलन यांनी लोहाराचे एक जुने दुकान विकत घेतले, घोडे जुंपून ते सहाव्या रस्त्यावरच्या जागेवर ओढून आणले, आणि १७९४ साली तिथे बेथेल चर्च सुरू झाले. इथवरची गोष्ट बहुतेक जण सांगतात. मला पुढची महत्त्वाची वाटते.

१७९६ साली चर्चची कायदेशीर नोंदणी झाली. कागद गोऱ्या मेथडिस्ट धर्माधिकाऱ्याने तयार केले. घाम यांचा, पैसा यांचा, आणि मालमत्तेवर ताबा मात्र मेथडिस्ट कॉन्फरन्सचा, हे बऱ्याच उशिरा लक्षात आले. मग १८०७ साली मंडळीने नियमात दुरुस्ती करून घेतली: महत्त्वाच्या निर्णयाला दोन तृतीयांश सभासदांची संमती हवी. गोरे धर्माधिकारी बिथरले. प्रकरण लिलावापर्यंत गेले आणि १८१५ साली अ‍ॅलन यांना आपलेच चर्च १०,१२५ डॉलरची बोली लावून सोडवावे लागले. त्याच वर्षाच्या अखेरीस एक गोरा धर्मोपदेशक हक्काने प्रवचन द्यायला आला, तेव्हा लोक मधल्या वाटेत दाटीवाटीने उभे राहिले. त्याला व्यासपीठापर्यंत पोहोचताच आले नाही. १८१६ च्या सुरुवातीला पेनसिल्वेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने बेथेलच्या बाजूने निकाल दिला, आणि त्याच वर्षी आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल हा स्वतंत्र पंथ उभा राहिला.

धर्म म्हणजे गुलामाला परलोकाचे आमिष, असे आपले काही मित्र सरसकट म्हणतात. पण सेंट जॉर्जमध्ये आणि बेथेलमध्ये बायबल एकच होते. फरक मालकीचा आणि निर्णयाचा होता. भारतात हा फरक घडला नाही तिथे काय झाले, हेही पाहा. कित्येक चर्चमध्ये जातीनुसार बसण्याच्या जागा वेगळ्या राहिल्या, दफनभूमीसुद्धा वेगळी राहिली. धर्मांतरित अस्पृश्यांवर लिहिताना बाबासाहेबांनी यावर नेमके बोट ठेवले आहे.

जानेवारी १८१७ मध्ये बेथेलमध्ये सुमारे तीन हजार कृष्णवर्णीय जमले. मुक्त कृष्णवर्णीयांना आफ्रिकेत पाठवण्याची योजना पुढे आली होती. अ‍ॅलन आणि जेम्स फोर्टन या नेत्यांचा तिच्याकडे कल होता. सभेने ती एकमुखाने फेटाळली आणि नेत्यांना लोकांच्या मागे यावे लागले. एक्लेसिया म्हणजे हेच.

तरी बेथेलची आरती ओवाळू नये. जरीना ली या स्त्रीने प्रवचनाची परवानगी मागितली, तेव्हा अ‍ॅलन यांनी नाकारली. काही वर्षांनी ती सभेत आपणहून उभी राहून बोलली, तेव्हा कुठे त्यांनी तिला मान्यता दिली. धर्मगुरूपदाची दीक्षा मात्र दिली नाही.

फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामी संपवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. १९५० साली बाबासाहेबांनी भिक्खू संघाने ख्रिस्ती धर्मगुरूंकडून, विशेषतः जेसुइटांकडून, काही गोष्टी घ्याव्यात असे लिहिले. दुसऱ्यांचे पारखून घेण्यात दोघांनाही कमीपणा वाटला नाही. मी ज्या वस्तीत काम करतो, तिथल्या विहाराची किल्ली एका घरात असते. मुलींना संध्याकाळी अभ्यासाला जागा हवी होती. समितीची बैठक झाली की बघू, असे उत्तर मिळाले. शेवटची बैठक कधी झाली, हे कोणालाच सांगता आले नाही. विहाराची जागा सगळ्या वस्तीच्या वर्गणीतून घेतलेली आहे.