मल्टिक्लॅव्हुलाचं गोत्र

कुजत चाललेल्या ओल्या ओंडक्यावर शैवालाचा हिरवा, बुळबुळीत थर आणि त्यातून दाटीने उभे सेंटिमीटरभर उंचीचे पांढुरके सोटे. ही मल्टिक्लॅव्हुला म्युसिडा नावाची बुरशी. तिचं गोत्र ठरायला दोन शतकं गेली, कारण बघणाऱ्यांची नजर सोट्यावरच होती.

लिनियसने १७५३ साली सोट्यासारख्या बुरशा क्लॅव्हेरिया या एकाच प्रजातीत घातल्या. किड्यांच्या कोषातून उगवणारी नारिंगी मिलिटॅरिस त्यातच, लाकडावरची काळी हायपोझायलॉनही त्यातच. आज पहिली कॉर्डिसेप्स म्हणून ओळखली जाते, दुसरी झायलेरिया. पुढे, केप ऑफ गुड होपला जन्मलेल्या पर्सूनने १७९७ मध्ये खास गदाकार बुरशांवरच ग्रंथ लिहिला, त्यात आपल्या सोट्याचं बारसं ‘क्लॅव्हेरिया म्युसिडा’ असं झालं. श्वाइनिट्झने १८२२ मध्ये उत्तर कॅरोलायनातून तिचं जमिनीवर वाढणारं भावंड, व्हर्नॅलिस, नोंदवलं. क्लॅव्हेरियाच्या व्याख्येत खालच्या हिरव्या थराला मात्र जागाच नव्हती.

दरम्यान श्वेंडेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६७ मध्ये सांगितलं, की दगडफूल (होय, गोड्या मसाल्यातलं) आणि त्याचे सगळे भाऊबंद म्हणजे एकेक वनस्पती नव्हे, तर बुरशी आणि शैवालाचा जोडसंसार. जाणकार भडकले. पण असा संसार थाटणाऱ्या बुरशा जवळजवळ सगळ्या वेगळ्याच वंशातल्या, भूछत्रांच्या वंशात तो अगदी विरळा. तो विरळा संसार थाटणाऱ्या सोट्यांना १९६७ मध्ये टेनेसीच्या रोनाल्ड पीटरसन यांनी क्लॅव्हेरियातून वेगळं काढलं आणि मल्टिक्लॅव्हुला प्रजाती उभी केली. शैवालाची वस्ती फक्त पायथ्याशी, सोटा निव्वळ बुरशीचा. मला यातलं धाडस आवडतं: रूप बाजूला ठेवून घरात कोण राहतं ते विचारायचं.

पण शैवालाचा दाखलाही पुरेना. रवांडात सापडलेल्या अशाच एका शैवालवाल्या सोट्याला २००७ मध्ये मल्टिक्लॅव्हुला रुगारामे नाव मिळालं. वर्षभरात डीएनए तपासला गेला आणि नाव देणाऱ्यांपैकीच काहींनी तिला परक्या कुळातल्या लेपिडोस्ट्रोमा प्रजातीत पाठवलं. खुद्द मल्टिक्लॅव्हुलाचे आप्त निघाले शेंटरेलच्या गोटात. शेंटरेल म्हणजे युरोपात आवडीने खाल्ली जाणारी पिवळी, नरसाळ्याच्या आकाराची अळंबी. तिला शैवाल लागत नाही, जिवंत झाडांची मुळं लागतात.