वनस्पतींचे लपलेले नाते

शेवाळे, मॉस, नेचे, अनावृतबीजी, आवृतबीजी. ही क्रमवारी फळ्यावर लिहिली की विद्यार्थी ती पाठ करतात. पण इतक्या वेगळ्या दिसणाऱ्या या गटांचे एकमेकांशी नाते आहे, हे मुळात कळले कसे? या प्रश्नाचा उलगडा करणाऱ्यांत एक दुकानदार होता आणि एक चित्रकार.

अठराव्या शतकात लिनिअसने वनस्पतींचे २४ वर्ग पाडले, ते मुख्यतः पुंकेसरांची संख्या व मांडणी पाहून. ज्यांना फुलेच नाहीत अशा मॉस, नेचे, शेवाळे, इतकेच काय बुरश्यासुद्धा त्याने चोविसाव्या वर्गात टाकल्या. वर्गाचे नाव ‘क्रिप्टोगॅमिया’, म्हणजे गुप्त विवाह! सपुष्प आणि अपुष्प यांच्यामध्ये अशी जणू भिंतच उभी राहिली.

ही भिंत पाडली विल्हेल्म होफमायस्टर याने. त्याचा जन्म १८२४ मध्ये जर्मनीतील लाइपझिग येथे झाला. वडिलांचा संगीताची पुस्तके छापण्याचा आणि विकण्याचा व्यवसाय होता. पंधराव्या वर्षी शाळा सोडून तो त्याच व्यवसायात शिरला. विद्यापीठात तो कधी शिकला नाही. दुकान सांभाळून उरलेल्या वेळात सूक्ष्मदर्शकाखाली वनस्पतींचे पातळ छेद पाहणे, हा त्याचा छंद.

१८५१ साली त्याने आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. मॉसचे हिरवे रोप युग्मके तयार करते. फलनानंतर त्याच रोपावर देठ आणि बोंड वाढते व त्यातून बीजाणू सुटतात. नेच्यात उलट प्रकार. आपण पाहतो तो मोठा नेचा बीजाणू तयार करतो. बीजाणूतून नखाएवढे, हृदयाकृती, हिरवे पान उगवते. युग्मके त्यावर तयार होतात आणि फलनानंतर नवा नेचा वाढतो. दोन्हींत दोन पिढ्या एकाआड एक येतात; मोठी कोणती, एवढाच फरक. बीजधारी वनस्पतींतही हेच चक्र असते, पण युग्मकांची पिढी अगदी लहान होऊन परागकणात व बीजांडात दडलेली असते. सर्व भूवनस्पतींचा आराखडा एकच आहे, हे डार्विनच्या ग्रंथाआधी आठ वर्षे दिसून आले. पुढे १८६३ मध्ये होफमायस्टर हायडेलबर्ग विद्यापीठात प्राध्यापक झाला. १८७७ मध्ये त्याचे निधन झाले.

एक दुवा मात्र राहिला होता. मॉस व नेचे यांची नरयुग्मके पाण्यातून पोहत अंडपेशीकडे जातात. बीजधारींमध्ये असे काही कोणी पाहिले नव्हते. १८९६ मध्ये टोकियो विद्यापीठातील साकुगोरो हिरासे यांना गिंको वृक्षाच्या बीजांडात पोहणारी नरयुग्मके दिसली. हिरासे तेथे मुळात चित्रे काढण्यासाठी आले होते. त्याच वर्षी सेइइचिरो इकेनो यांना सायकसमध्येही तशीच युग्मके आढळली. बीज आहे आणि पोहणारे युग्मकही आहे! नेचे आणि बीजधारी यांच्यातील पूल सापडला. हिरासे यांनी पुढच्याच वर्षी विद्यापीठ सोडले आणि ते हिकोने येथे शाळेत शिक्षक झाले. १९१२ मध्ये दोघांना जपानचा मानाचा शाही पुरस्कार विभागून मिळाला.

या इतिहासातून एक गैरसमज मात्र होऊ देऊ नये. फळ्यावरची क्रमवारी म्हणजे शिडी नव्हे. मॉसपासून नेचे झाले नाहीत. गोड्या पाण्यातील हिरव्या शैवालांच्या एका शाखेतून भूवनस्पतींचा समान पूर्वज आला. जनुकांच्या अलीकडच्या अभ्यासानुसार मॉस व त्यांचे नातलग ही त्याची एक शाखा, तर नेचे व बीजधारी ही दुसरी. आजचे मॉस हे नेच्यांचे आजोबा नव्हेत, चुलत भावंडे आहेत.

पावसाळ्यात शाळेच्या ओलसर भिंतीवर, विटांच्या फटीत नेचे उगवतात. त्यांच्या आसपास भिंगाने शोधल्यास ते हृदयाकृती हिरवे पान सापडू शकते. ते विद्यार्थ्यांना दाखवावे. होफमायस्टरची सुरुवातही अशाच बारीक पाहण्यातून झाली होती.